बोरोगेनच्या मुक्कामी स्टोव्ह का पेटेना

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला आम्ही बोरोगेनला पोचलो. स्पितीतल्या किब्बर गावातून निघायचं, परांग ला ही खिंड ओलांडायची आणि आठव्या दिवशी लडाखमध्ये त्सो मोरीरीच्या काठी करझोकला उतरायचं, असा बेत होता. बोरोगेन हा खिंडीखालचा शेवटचा मुक्काम, उंची सुमारे 5,150 मीटर. गाव नाही, झाड नाही, सरपणाची काडी नाही. वारा मात्र मागाल तेवढा. चहा टाकायला म्हणून भाच्याने स्टोव्ह मांडला आणि पंप मारायला घेतला. चाळीसेक पंप झाल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, हा हवाच धरत नाहीये."

त्या संध्याकाळी आमच्याकडे सव्वादोन लिटर पेट्रोल होतं, पाच दिवसांचा शिधा होता आणि ओढ्यात पाणी होतं. पेटवायचं साधन तेवढं बंद. मसूर डाळ आणि तांदूळ कच्चे खाऊन परांग ला चढता येत नाही, त्यामुळे पेटला नाही तर सकाळी परत फिरायचं एवढाच पर्याय होता. हे सगळं पंपातल्या एका नखाएवढ्या चामड्याच्या तुकड्यामुळे झालं, आणि त्या तुकड्याची वाट आम्हीच लावली होती, तीही पुण्यात, अगदी काळजीपूर्वक. ते कसं, हे सविस्तर लिहिते, कारण असा स्टोव्ह घेऊ पाहणारे बरेच जण मला विचारतात की कोणता घ्यावा. तो प्रश्न खरं तर तिसरा-चौथा आहे.

आधी इंधन, मग स्टोव्ह

आम्ही चौघं होतो. माझे चुलतभाऊ, ज्यांना सगळेच दादा म्हणतात: वय 58, कोल्हापुरात उद्यमनगरला लेथ चालवण्यात आयुष्य गेलेलं. बहिणीचा मुलगा, वय 24, खरेदीआधी दहा ठिकाणचं वाचून तक्ता करणारा. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, जी डॉक्टर आहे. आणि मी, कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारी. साल 2024, महिना सप्टेंबर. घोडी घ्यायची नाहीत, सगळं पाठीवर न्यायचं, हे आधीच ठरलं होतं.

भाच्याचा तक्ता तयारच होता. सह्याद्रीत आम्ही वर्षानुवर्षं गॅसवरच भागवत आलोय. राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडावर एका रात्रीपुरता छोटा डबा आणि त्यावर बसणारा मुठीएवढा बर्नर पुरतो. पण आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या डब्यांत बहुतेक साधा ब्युटेन असतो आणि तो समुद्रसपाटीच्या दाबाला उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याखाली डबा भरलेला असूनही ज्योत मरते. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने ब्युटेनला थोडी सूट मिळते. पण गॅस उडता उडता डबा स्वतःच गार पडत जातो, त्यामुळे पहाटे उणे आठला त्या सुटीचा फारसा उपयोग होत नाही. आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असलेले डबे बरे, पण ते मनालीत नेमके आपण जाऊ त्या दिवशी मिळतील याची खात्री नाही, आणि पुण्याहून नेता येत नाहीत. विमानात भरलेला डबा ना हातातल्या बॅगेत चालतो, ना खालच्या. रेल्वेतही ज्वलनशील पदार्थ नेणं हा गुन्हा आहे. रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खरं सांगायचं तर दोघंच असतो तर गॅसवरही निभावलं असतं. चौघांना नऊ दिवस (एक दिवस राखीव धरून) म्हणजे बराच गॅस, बरेच डबे, आणि रिकामे झालेले डबे परत वाहणं. हेही जमलं असतं. पण खिंडीच्या दोन्ही बाजूंना थंडीत सकाळी चहा होईल की नाही, हा जुगार मला खेळायचा नव्हता.

स्पिरिटचा स्टोव्ह भाच्याला फार आवडला होता, कारण त्यात बिघडायला काहीच नाही. पण अल्कोहोलमध्ये किलोमागे जेमतेम 27 मेगाज्यूल उष्णता असते, पेट्रोल-रॉकेलमध्ये 43-44. म्हणजे तेवढ्याच स्वयंपाकाला दीडपटीहून जास्त वजन. तो बाद झाला.

उरलं रॉकेल किंवा पेट्रोल, आणि इथे प्रश्न एकच: किब्बरच्या आधी शेवटच्या ठिकाणी काय मिळणार? तिथून मागे मागे येत स्टोव्ह ठरतो. काझाला पेट्रोल पंप आहे, जगातल्या सर्वांत उंचावरच्या पंपांत त्याचं नाव घेतात. म्हणजे पेट्रोल नक्की. रॉकेल सुरक्षित, चुकून सांडलं तरी भपकन पेटत नाही, लिटरमागे उष्णताही थोडी जास्त. मला मनापासून तेच हवं होतं. पण आपल्याकडे रेशनचं रॉकेल जवळजवळ इतिहासजमा झालंय, आणि काझात कुणाच्या घरी मिळालंच तर ते किती स्वच्छ असेल हे बाटलीत ओतल्यावरच कळणार. म्हणून दोन्ही चालणारा स्टोव्ह घेतला. असे बहुइंधनी स्टोव्ह बाजारात आहेत: एमएसआरचा व्हिस्परलाइट इंटरनॅशनल, प्रायमसचा ऑम्निफ्यूएल वगैरे. इंधन बदललं की निपल, म्हणजे बर्नरमधलं बारीक छिद्राचं तोंड, बदलायचं. ऑम्निफ्यूएलला गॅससाठी 0.45, पेट्रोलसाठी 0.37 आणि रॉकेल-डिझेलसाठी 0.28 मिलिमीटरचं निपल लागतं. छिद्र जितकं लहान तितकं जड इंधन, हे लक्षात ठेवलं की पुरे.

भाच्याने खोकं उघडून स्टोव्ह दादांसमोर ठेवला तेव्हा दादांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "अरे, हा तर आपला पंपाचा स्टो. टाकी तेवढी बाजूला काढलीय."

तसाच आहे तो. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने 1892 मध्ये बिनवातीचा स्टोव्ह आणला, तोच प्रायमस. टाकीत हवेचा दाब द्यायचा, तेल तापलेल्या नळीतून जाताना त्याची वाफ होते, ती निपलमधून जोराने बाहेर पडते आणि निळी पेटते. पुढची पन्नास-साठ वर्षं ध्रुवावर आणि हिमालयात तोच गेला. 1953 मध्ये एव्हरेस्टच्या शेवटच्या छावणीत हिलरीचे बूट रात्रभर बाहेर राहून लाकडासारखे झाले होते. सकाळी ते प्रायमसच्या ज्योतीवर धरूनच मऊ केले. आणि तोच स्टोव्ह आपल्याकडे चाळींपासून वाड्यांपर्यंत फरफरत होता. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरला लावणं, तो तापल्यावर चावी आवळून पंप मारणं, निपल तुंबलं की पिन मारणं, हे दादांच्या आईने त्यांना वयाच्या आठव्या वर्षी शिकवलं होतं. आम्ही मात्र हे ज्ञान तेव्हा गंमत म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं. सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती ना.

गॅलरीतला प्रयोग

ऑगस्टमध्ये माझ्या गॅलरीत चाचणी घेतली. पंपावरचं साधं पेट्रोल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बाटली आधी आणि नंतर तोलली. एक लिटर पाणी 25 अंशांवरून उकळायला 17 ग्रॅम पेट्रोल लागलं, म्हणजे साधारण 23 मिलिलिटर. हिशेब केला तर जळलेल्या पेट्रोलातली निम्म्याहून कमी उष्णता पाण्यात गेली होती, बाकीची गॅलरी तापवण्यात. वाऱ्याचा आडोसा न लावता तीच चाचणी घेतली तेव्हा 29 ग्रॅम लागले, तोही चौथ्या मजल्यावरच्या साध्या झुळकीत.

मग मला वाटलं, वर पाणी गार असणार, जास्त इंधन लागेल. पण वर पाणी उकळतंही लवकर. पाच हजार मीटरला उकळबिंदू साधारण 83 अंश. ओढ्याचं पाणी पाच अंशांचं धरलं तर 78 अंश चढवायचे. पुण्यात 25 पासून 98 पर्यंत 73. जमाखर्च जवळपास तोच. फरक पडतो तो बर्फ वितळवावा लागला तर. एक किलो बर्फाचं शून्य अंशाचं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच उष्णतेत ते पाणी पुढे ऐंशी अंशांपर्यंत जातं. म्हणजे बर्फ असेल तिथे हिशेब सरळ दुप्पट. आमच्या वाटेवर सप्टेंबरात वाहतं पाणी असतं, म्हणून माणशी रोज 100 मिलिलिटर धरलं: चौघं, नऊ दिवस, 3.6 लिटर. लिटरभराच्या धातूच्या चार बाटल्या, प्रत्येकीत 900 मिलिलिटर. काठोकाठ भरायच्या नाहीत. वर हवेला जागा नसेल तर दाब कुठे साठणार, आणि उन्हात तापल्यावर पेट्रोल फुगून कुठे जाणार?

कुकर न्यायचा की नाही यावर भांडण झालं. दोन लिटरचा हिंडालियमचा कुकर सव्वा किलोच्या आसपास भरतो. भाचा म्हणाला, "मावशी, लोक दात घासायचा ब्रशसुद्धा अर्धा तोडून नेतात." पण 83 अंशांच्या पाण्यात डाळ कितीही उकळा, ती डाळीसारखी होत नाही. कुकरची शिट्टी बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक वातावरण जास्त दाब धरते. पुण्यात आत 120 अंश होतात, बोरोगेनला 112. एवढ्यात मसूर शिजते. कुकर नेला, आणि तूरडाळ घरी ठेवली.

चाचणी उत्तम झाली. ज्योत निळी, आवाज खणखणीत. आणि इथेच आमच्या हातून ती चूक झाली.

पुण्याहून चंदीगडला विमानाने जायचं होतं. एकदा पेटवलेला स्टोव्ह विमानात न्यायचा तर विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते आणि स्टोव्ह व बाटली पूर्ण रिकामी, कोरडी, वास न येणारी हवी. परवानगीचा मेल आम्ही मागवून छापून ठेवला. वास जावा म्हणून भाच्याने बाटल्या आणि पंप भांडी घासायच्या साबणाने तीन वेळा धुतले, गरम पाण्यात रात्रभर बुडवून ठेवले आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवले. तपासणीत कुणी हुंगूनसुद्धा पाहिलं नाही. भाच्याचं कौतुक झालं, मीही केलं.

मनालीहून अटल बोगदा, बाताल, कुंझुम असं करत काझा. सुट्या बाटलीत पेट्रोल देण्यावर बऱ्याच ठिकाणी बंधनं असतात, म्हणून जीपवाल्या भाऊंनी स्वतःच्या राखीव जेरीकॅनमधून आमच्या बाटल्या भरून दिल्या. बारीक जाळीच्या गाळणीतून ओतताना गाळणीत गंजाचे चार कण आणि एक माशीचा पंख राहिला. ती गाळणी चाळीस ग्रॅमची होती, आणि सामानातली सर्वांत शहाणी वस्तू तीच.

स्टोव्ह हळूहळू आजारी पडला

मागे वळून पाहिलं तर पहिल्याच मुक्कामी, डुमलाला, खुणा होत्या. बाटली भरलेली असताना वीस पंपांत जो दाब यायला हवा तो पस्तीसमध्ये आला. भाचा म्हणाला, उंची आहे, हवा विरळ आहे. मी मान डोलावली. माझं पदार्थविज्ञान तेव्हा कुठे होतं कोण जाणे. विरळ हवेत प्रत्येक पंपाला थोडी कमी हवा आत जाते हे खरं, पण म्हणून हाताला लागणारा अटकाव नाहीसा होत नाही.

दुसऱ्या दिवशी थलटकला ज्योत पिवळी, लांब आणि डुलती. भांड्याच्या बुडाला काजळीचा थर. कमी दाबाने पेट्रोल नीट वाफ न होता बाहेर पडत होतं. भाच्याने उपाय म्हणून चावी आणखी उघडली, तेव्हा पेट्रोल जास्त आणि उष्णता कमी असा उलटा व्यवहार सुरू झाला. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत 1.35 लिटर संपलं होतं. तीन दिवसांना 1.2 च्या आत बसायला हवं होतं.

आणि बोरोगेनला तो पेटलाच नाही.

भाच्याने सगळ्यांत आधी बर्नर खोलला. निपल काढून उजेडात धरलं, पिन मारली, पुन्हा बसवलं. वीस मिनिटं, बोटं निळी पडेपर्यंत. मग पुन्हा पंप, पुन्हा चावी. बर्नरखालच्या वाटीत पेट्रोल ठिबकलं, वाटी भरून खालच्या मातीत मुरलं. त्याने काडी पेटवायला काढली तेव्हा दादांनी मागून त्याचं मनगट धरलं.

"आधी स्टो तिथून उचल. जमीन प्यायलीय."

खाली मुरलेलं पेट्रोल दिसत नाही. स्टोव्ह पाच पावलं लांब एका सपाट दगडावर नेला आणि वाटी कापडाने कोरडी केली.

एव्हाना बारीक हिमकण यायला लागले होते. भाचा म्हणाला, तंबूच्या पडवीत घेऊ, निदान वारा तरी लागणार नाही. यावर डॉक्टरने जे सांगितलं ते मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले आहे. "अर्धवट जळणाऱ्या स्टोव्हमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. आधीच इथे ऑक्सिजन निम्मा. त्यातून रात्री तुझं डोकं दुखलं आणि मळमळलं, तर ते उंचीने की धुराने, हे मला ओळखता येणार नाही. लक्षणं तीच. आणि मग उपचार कसला करू?" पडवीचा विषय तिथेच संपला. तंबूपासून दोन हात लांब, तीन सॅका उभ्या करून आडोसा केला.

दादांनी पंप मागितला. "आधी जिथून हवा जाते ते बघायचं, मग जिथून तेल येतं ते," एवढंच म्हणाले. दांडा दोनदा आत-बाहेर केला. तो पाण्यात काठी फिरवावी तसा सहज जात होता. पंपाचं निदान हातालाच होतं, हे त्यांनी नंतर जेवताना समजावलं. दांडा असा पोकळ जात असेल तर दोष पुढच्या वायसरात, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या चामड्यात. दाबलेला दांडा आपोआप वर येत असेल तर हवा परत येतेय, म्हणजे आतला एकमार्गी व्हॉल्व्ह धरत नाही. आणि दांडा नीट अटकतोय, दाबही येतोय, पण थोड्या वेळाने उतरतोय, तर बाटली आणि पंपाच्या जोडावरचं रबर बघायचं. तिथे थुंकी लावली की बुडबुडा दिसतो. आमचा पहिला प्रकार होता.

त्यांनी पंपाची टोपी फिरवून दांडा पूर्ण बाहेर ओढला. टोकाला अंगठ्याच्या नखाएवढी चामड्याची वाटी असते. तिच्या कडा नळीच्या भिंतीला चहूकडून घासून बसल्या पाहिजेत, तरच हवा पुढे ढकलली जाते. आमची वाटी आक्रसली होती. कडा आत वळलेल्या, रंग फिकट, बोटाने दाबलं तर सुक्या खारकेसारखी टणक. "वायसर वाळलाय," दादा म्हणाले. "तेलच नाही याच्यात. नव्याला असं होत नाही. कुणी धुतला का हा?"

भाचा काही बोलला नाही. मीही नाही.

साखळी अशी होती. कारखान्यातून वाटी तेल पिऊन मऊ आलेली. म्हणून गॅलरीत स्टोव्ह झकास चालला. विमानाच्या भीतीने साबण आणि गरम पाण्याने ते तेल काढून टाकलं. उन्हात चामडं आक्रसलं. काझात पेट्रोल भरल्यावर उरलंसुरलं तेल पेट्रोलने विरघळवलं, आणि स्पितीच्या कोरड्या हवेने बाकीचं काम पूर्ण केलं. चाचणी आम्ही घेतली होती, पण धुण्याआधी. धुतल्यानंतर पुन्हा एकदा नुसता पंप मारून पाहिला असता तर पुण्यातच कळलं असतं.

चामड्याने माणसं अडचणीत येण्याची ही पहिली वेळ नव्हे. 1912 साली दक्षिण ध्रुवावरून परतणाऱ्या स्कॉटच्या तुकडीला वाटेतल्या साठ्यांत रॉकेलचे डबे अपेक्षेपेक्षा कमी भरलेले सापडले. डब्यांच्या बुचांखालच्या चामड्याच्या चकत्या कडाक्याच्या थंडीत निकामी झाल्या आणि तेल उडून गेलं, असं मानलं जातं. स्कॉटच्या आधी ध्रुवावर पोचलेल्या अमुंडसेनने आपल्या डब्यांची तोंडं डाखच देऊन बंद केली होती. आमची गोष्ट एवढी गंभीर नव्हती. आम्ही मागे फिरू शकत होतो. तरी त्या रात्री मला ती आठवली.

शेंगदाण्याचं तेल

आता तेल हवं. डॉक्टरकडे खोबरेल होतं, ते बाटलीत दगड होऊन बसलेलं. तूपही तसंच. फोडणीचं शेंगदाण्याचं तेल होतं, तेही गारठून मधासारखं दाट झालेलं. दादांनी ती छोटी बाटली जॅकेटच्या आत काखेत धरली. पाच-सात मिनिटांनी चार थेंब तळव्यावर घेतले आणि चामड्याची वाटी दोन बोटांत धरून चोळायला लागले. आधी बाहेरून, मग आतून, मग अंगठ्याचं नख आत घालून कडा हलके हलके बाहेर वळवत, सगळीकडून सारख्या. घाई केली तर चामडं चिरतं. मध्ये वाटी पुन्हा मुठीत धरून गरम करायची, पुन्हा थेंब, पुन्हा चोळायचं. पंधरा-वीस मिनिटं गेली. रंग हळूहळू गडद झाला आणि दाबल्यावर ती परत फुलायला लागली.

दांडा आत घालताना कड दुमडू नये म्हणून तो फिरवत फिरवत घातला. मग एक पंप. भाच्याने स्वतःच्या हाताने मारला आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हाताला अटकाव लागला. अठरा पंपांत दांडा जड झाला.

पुढचं काम दादांनी त्यालाच करायला लावलं, पण सावकाश. चावी दोन सेकंद उघडून बंद. बर्नरखालच्या वाटीत चमचाभराहून कमी पेट्रोल. बाटली नळी ताणून आडोशाच्या बाहेर, ज्योतीपासून जास्तीत जास्त लांब. पत्र्याचा आडोसा बर्नरभोवती घ्यायचा, बाटलीभोवती कधीच नाही, नाहीतर बाटली तापते आणि आतला दाब वाढत जातो. तोंड मागे, हात बाजूने, काडी. वीतभर पिवळा भडका उठला. तो तसाच जळू द्यायचा. त्यानेच वरची नळी तापते. भडका विझायला आला, निळी जीभ तेवढी उरली, तेव्हा चावी केसभर उघडली. आधी थुंकल्यासारखं फट् फट्, मग सूर धरला. दादा म्हणाले, "हां. आता बोलला."

काकड्याऐवजी वाटी आणि स्पिरिटऐवजी पेट्रोल, बाकी प्रकार त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरातलाच. मी मात्र पुढच्या वेळी बर्नर तापवायला स्पिरिटची शंभर मिलिलिटरची बाटली वेगळी नेणार आहे. पेट्रोलचा भडका उंच उठतो आणि काजळी धरतो. स्पिरिट शांत जळतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, ते काही प्रकारच्या रबराला फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढतं. त्यामुळे मुक्कामी पोचल्यावर बाटलीत उरलेलं पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नये, आणि जोडावरची रबरी कडी एक जास्तीची जवळ असावी.

त्या रात्री आठ वाजता खिचडी झाली. मसूर, तांदूळ, कांदा-लसूण मसाला, तीन शिट्ट्या. चहा आधी झाला होता, दोनदा.

दुसऱ्या दिवशी परांग ला, सुमारे 5,600 मीटर. पलीकडे हिमनदीवरून उतरून खारसा गोंगमा, मग पारे चूच्या रुंद पात्राने दातांग योंग्मा, नोर्बू सुमदो. ही नदी हिमाचलात उगम पावून लडाखमधून तिबेटात जाते आणि वळसा घालून पुन्हा हिमाचलात येते. आम्ही तिच्या सोबतीने तीन दिवस चाललो. दुपारनंतर त्या पात्रात वारा असा सुटतो की पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं तरी शिट्टी वाजते. तिथे आडोशाची खरी किंमत कळली. स्वयंपाकाची वेळच आम्ही बदलली: दुपारी मुक्कामाला पोचल्यावर वारा असेतो फक्त सुकं खायचं, सूर्य मावळून वारा पडला की एकदाच कुकर, आणि त्याच पेटवणीत दुसऱ्या सकाळचं पाणी उकळून थर्मासमध्ये. दिवसाला एक पेटवणी वाचली.

चौथ्या दिवसापासून आठव्यापर्यंत पाच दिवसांत 1.65 लिटर लागलं, म्हणजे रोज 330 मिलिलिटर; पहिल्या तीन दिवसांची सरासरी 450 होती. एकूण तीन लिटर. करझोकला उरलेलं 600 मिलिलिटर लेहला नेणाऱ्या जीपच्या टाकीत गेलं. चामड्याला रोज रात्री एक थेंब मिळत होता. शेंगदाण्याचं तेल चिकट होतं आणि धूळ धरतं, त्यामुळे कायमचा उपाय म्हणून शिलाई मशीनचं तेल. औषधाच्या ड्रॉपरच्या बाटलीत पाच मिलिलिटर नेलं तर दोन मोहिमा जातात. सोबत एक नवी चामड्याची वाटीही ठेवली आहे. दादांनी मंगळवार पेठेतल्या एका जुन्या दुकानातून घरगुती स्टोव्हचा वायसर आणून तो कात्रीने कापून बसवून पाहिला होता, तोही चालतो.

लेहहून परतताना पुन्हा विमान, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी बाटल्या झाकणं काढून गेस्ट हाउसच्या गच्चीवर पूर्ण दिवस उघड्या ठेवल्या, पंप कापडाने पुसून तसाच उन्हाआड वाळवला आणि पुण्यात पोचल्यावर त्याच रात्री चामड्याला तेल लावलं. भाच्याने पंपाच्या पिशवीवर पक्क्या शाईच्या पेनने आता मोठ्या अक्षरांत लिहिलंय: "साबण लावू नये. लावल्यास मामांना फोन करावा."